निदान तारीख आधी सांगा: कांदा, बांगलादेश आणि एका रात्रीतल्या अधिसूचना

प्रति,
शेतमालाच्या आयात-निर्यातीचे निर्णय घेणारे केंद्रातील मंत्री आणि अधिकारी,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात कांदा पिकवते. साडेचार एकर जमीन आहे, त्यातली तीन एकर दर वर्षी कांद्याखाली असते. लग्न होऊन या घरी आले तेव्हापासून मी एक वही ठेवते. उळं म्हणजे कांद्याचं बी कधी टाकलं, लागण कधी झाली, मजुरी किती गेली, चाळीत म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये किती भरला, किती सडला, कुठल्या दिवशी काय भाव मिळाला, सगळं त्यात आहे. 2019 पासून त्या वहीत एक रकाना वाढला. त्याचं नाव 'दिल्ली'.

त्या रकान्यातल्या नोंदी अशा आहेत. 29 सप्टेंबर 2019, निर्यातबंदी. 15 मार्च 2020, बंदी उठली. 14 सप्टेंबर 2020, पुन्हा बंदी. 1 जानेवारी 2021, उठली. 19 ऑगस्ट 2023, 40 टक्के निर्यात शुल्क. त्याच वर्षी ऑक्टोबर संपता संपता टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखालच्या भावात निर्यात करायची नाही. 8 डिसेंबर 2023, पूर्ण बंदी. 4 मे 2024, बंदी उठली, पण 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क राहिलं. 13 सप्टेंबर 2024, डॉलरची अट गेली आणि शुल्क निम्मं झालं. 1 एप्रिल 2025, शुल्क शून्य.

साडेपाच वर्षांत निदान दहा वेळा नियम बदलला. यातला एकही बदल मला उळं टाकायच्या आधी माहीत नव्हता.

हे मी तक्रारीच्या सुरात सुरू केलं याची मला कल्पना आहे. पण हे पत्र भाव वाढवून मागण्यासाठी नाही. निर्यातीवर कधीच बंधन घालू नका असंही मी म्हणत नाही. मला बोलायचं आहे ते आपल्या शेजाऱ्याबद्दल, बांगलादेशाबद्दल. आपला कांदा बहुतेक वर्षी सगळ्यात जास्त विकत घेणारा देश तो आहे आणि ते गिऱ्हाईक आपण हातानं घालवतो आहोत. ते कसं, हे तुमच्या फायलीत कदाचित दिसत नसेल. चाळीत उभं राहिलं की दिसतं.

आधी कांद्याचं घड्याळ सांगते. आमच्याकडे तीन कांदे. पावसाळ्यात लागण होते तो पोळ कांदा, दिवाळीच्या आसपास निघतो. त्यामागून रांगडा, तो जानेवारी-फेब्रुवारीत. हे दोन्ही लाल, पाणीदार, टिकत नाहीत, काढले की विकावेच लागतात. तिसरा उन्हाळ. त्याचं उळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतो, लागण डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्चअखेरीपासून मेपर्यंत. हा टिकतो. तो चाळीत भरायचा आणि पावसाळाभर, अगदी दिवाळीपर्यंत, थोडा थोडा बाहेर काढायचा. म्हणजे उन्हाळ कांद्यासाठी मी वाफ्यात बी टाकते तेव्हापासून चाळीतला शेवटचा कांदा विकेपर्यंत एक वर्ष जातं. अधिसूचना मात्र निघाली की लागू होते. 2023 ची बंदीची अधिसूचना 7 डिसेंबरची होती आणि 8 तारखेपासून अंमल होता.

त्या 8 तारखेला आमच्या घरचा ट्रॅक्टर पोळ कांदा भरून बाजार समितीच्या रांगेत होता. लिलाव झालाच नाही. चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला, आणि आम्ही ट्रॅक्टर तसाच माघारी आणला. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दर निम्म्यावर आले. पोळ कांदा थांबत नाही, त्याला कोंब येतात, काजळी धरते. मिळेल त्या भावात दिला. वहीत त्या पानावर मी फक्त आकडा लिहिला आहे, शेरा लिहिला नाही.

आता सीमेपलीकडचं घड्याळ बघा. बांगलादेशातही कांदा भरपूर पिकतो. पाबना, फरीदपूर, राजबारी हे त्यांचे नाशिक-नगर म्हणा. त्यांचा मुख्य कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. पण तिथली हवा दमट, साठवणुकीची सोय अपुरी, त्यामुळे पिकलेल्यातला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त वाया जातो. मग ऑगस्ट-सप्टेंबरनंतर, त्यांचा नवा कांदा येईपर्यंत, त्यांना तूट पडते. आणि नेमका त्याच महिन्यांत आमच्या चाळीत उन्हाळ कांदा शिल्लक असतो. आमची शिल्लक आणि त्यांची तूट एकाच वेळी यावी, यापेक्षा सोयीचा व्यापार कुठला? घोजाडांगा, महादीपूर, हिली या सीमाचौक्यांवरून दर पावसाळ्यात आपले ट्रक पलीकडे जातात ते म्हणूनच.

आणि आपली बंदी येते ती बहुतेक वेळा याच महिन्यांत. कारण आपल्याकडेही तेव्हाच भाव चढतो. त्यांना गरज असते तेव्हा आपण दार लावून घेतो.

त्यांचंही तसंच आहे, हे मी झाकून ठेवणार नाही. त्यांचा कांदा बाजारात आला की ते आयात परवाने थांबवतात. 2023 मध्ये मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत त्यांनी आपला कांदा बंद ठेवला होता. 2025 मध्ये तर बरेच महिने परवाने रोखून धरले. आमच्याकडे नेमकी तेव्हा उन्हाळची काढणी असते, बाजार समित्यांत ट्रॅक्टरच्या रांगा असतात, आणि पूर्वेकडचं मोठं गिऱ्हाईक गायब असतं. म्हणजे दोन्ही देश एकमेकांना नेमक्या अडचणीच्या वेळी दार बंद करतात.

पण पाबनाच्या शेतकऱ्याचा मला राग येत नाही. भारतातून कांदा आला की त्याचा भाव पडतो, मग तो ओरडतो. त्याच्या जागी मी असते तर मीही ओरडले असते. सरकारसाठी कांदा खरेदी करणाऱ्या नाफेडचा साठा ऐन लिलावाच्या हंगामात बाजारात उतरला की आम्हीही ओरडतोच. त्याच्या सरकारनं काढणीच्या महिन्यांत त्याला सांभाळलं तर ते त्यांचं काम आहे. माझी तक्रार आहे ती हे सगळं एकमेकांना न सांगता चालतं याबद्दल.

ऑक्टोबर 2019 मध्ये त्या वेळच्या बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आपली बंदी लागून जेमतेम आठवडा झाला होता. उद्योजकांसमोर बोलताना त्या मधेच हिंदीत म्हणाल्या की तुम्ही कांदा का बंद केला ते मला कळलं नाही, मी आचाऱ्याला सांगितलंय की आता जेवणात कांदा घालू नकोस. हे हसत हसत सांगितलेलं होतं. त्याच्या पुढे त्या जे म्हणाल्या ते मात्र हसण्यासारखं नव्हतं: असं काही करणार असाल तर आधी कळवत जा, म्हणजे आम्ही दुसरीकडून सोय करू. त्या नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला 200 टक्यांच्या वर गेला. तिथल्या सरकारला कांदा विमानानं आणावा लागला.

एवढं साधं मागणं. पुढच्याच वर्षी, 14 सप्टेंबर 2020 ला, आपण पुन्हा न कळवता बंदी घातली.

त्या वेळी सीमेवर ट्रक अडकले. नाशिकहून बंगालची सीमा गाठायला ट्रकला पाच-सहा दिवस लागतात. जो कांदा निघाला तेव्हा कायदेशीर होता, तो पोचला तेव्हा बेकायदा झाला. पावसाळी हवा, वर ताडपत्री, आत पोत्यांत दमट उष्णता. चार-पाच दिवसांनी सरकारनं आधीच मंजुरी मिळालेला माल सोडायला परवानगी दिली, पण तोपर्यंत त्यातला बराच माल सडला होता. पलीकडच्या व्यापाऱ्यानं पोती फोडली तेव्हा त्यातून पाणी गळत होतं. त्या मालाचे पैसे त्यानं भरलेले होते. तो व्यापारी पुढच्या ऑगस्टमध्ये माझ्या कांद्याची वाट बघेल, की इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान, म्यानमार, चीन यांच्याशी आधीच बोलून ठेवेल?

आणि ज्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही त्याच्याकडून घेण्यापेक्षा माणूस घरीच पिकवायला शिकतो. हे आपण एकदा पाहिलेलं आहे. 2014 नंतर सीमेपलीकडे जाणाऱ्या जनावरांवर आपण कडक बंदोबस्त लावला. तो योग्य की अयोग्य हा वेगळा विषय, त्यात मी शिरत नाही. पण बांगलादेशानं गोठे उभे केले, आणि काही वर्षांत बकरी ईदची जनावरं घरच्या घरी पुरायला लागली. कांद्यातही ते तेच करत आहेत. पावसाळी कांद्याची लागवड वाढवण्यासाठी तिथलं कृषी खातं शेतकऱ्यांना बी वाटतं, आणि त्यातलं एक वाण आहे एन-53. आमच्या निफाडच्या संशोधन केंद्रात निवडलेलं, नाशिकच्याच मातीतलं वाण.

यावरून आता काही निर्यातदार म्हणू लागले आहेत की कांद्याच्या बियाण्याची निर्यातच बंद करा. कृपा करून हे ऐकू नका. शेजारी स्वतःचा कांदा पिकवायला लागला तो आपण दार आपटल्यामुळे. त्यावर आणखी एक दार आपटणं हा उपाय कसा होईल? बी ते दुसरीकडून आणतील. आपलं नाव तेवढं आणखी खराब होईल.

विदर्भातल्या संत्र्याचंही इथे आठवतं. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडचा संत्रा वर्षानुवर्षं बांगलादेशात जायचा. गेल्या काही वर्षांत त्यांनी संत्र्यावरचं आयात शुल्क इतक्या वेळा आणि इतकं वाढवलं की तिकडे माल पाठवणं परवडेनासं झालं, आणि महाराष्ट्र सरकारला शुल्काचा काही भार उचलायची घोषणा करावी लागली. हे कांदाबंदीच्या रागातून झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, त्यांना परकी चलन वाचवायचं होतं हेही खरं. पण आपल्यात लेखी काही ठरलेलं असतं, तर संत्र्यासाठी बोलायला तुमच्या हातात काहीतरी राहिलं असतं. आज काय सांगणार? तुम्ही अचानक शुल्क वाढवू नका, असं आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं?

लेखी ठरवणं अवघड आहे, असं उत्तर मला येईल. म्हणून मालदीवचं सांगते. 1981 च्या व्यापार करारानुसार आपण मालदीवला तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळ, अंडी, बटाटे, कांदे अशा वस्तूंचा वार्षिक कोटा ठरवून देतो. एप्रिल 2024 मध्ये, आपल्याकडे कांद्याची निर्यात पूर्ण बंद असताना, तुम्ही मालदीवसाठी त्या वर्षाचा 35,749 टन कांद्याचा कोटा जाहीर केला. त्या सुमारास मालदीवशी आपले संबंध कसे ताणलेले होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही दिलेला शब्द तुम्ही पाळला. वर्तमानपत्रात ते वाचून मला अभिमान वाटला. आणि लगेच प्रश्न पडला, की मालदीवसाठी जमतं ते बांगलादेशासाठी का जमत नाही?

त्यांनी मागितलं नाही असंही नाही. डिसेंबर 2022 मध्ये दिल्लीत दोन्ही देशांच्या वाणिज्य मंत्र्यांची बैठक झाली, तेव्हा बांगलादेशानं तांदूळ, गहू, साखर, कांदा, आलं, लसूण यांचा वार्षिक कोटा ठरवून द्या अशी विनंती केली होती. वर्ष पुरं व्हायच्या आतच आपण पूर्ण बंदी घातली. त्यानंतर मार्च 2024 मध्ये त्यांना 50,000 टन द्यायला परवानगी मिळाली, तीही एका ठरावीक सहकारी संस्थेमार्फतच. पुढे एप्रिलमध्ये सहा देशांना मिळून 99,150 टन. उपकार केल्यासारखं, मोजून मापून. 2022-23 मध्ये या देशानं 25 लाख टनांवर कांदा निर्यात केला होता. 2023-24 मध्ये तो 17.17 लाख टनांवर आला आणि 2024-25 मध्ये 18 मार्चपर्यंत 11.65 लाख टनांवर. हे आकडे तुमच्याच प्रसिद्धिपत्रकातले आहेत.

तुम्हाला शहरातल्या गिऱ्हाइकाची काळजी असते. असावीच. माझ्या शेतात निंदायला येणाऱ्या बायका कांदा विकतच घेतात, आणि 80 रुपये किलो झाला की त्यांच्या भाकरीबरोबरचा कांदा जातो हे मी रोज बघते. त्यामुळे 'गिऱ्हाइकाला मरू दे, आम्हाला निर्यात द्या' असं माझ्या तोंडून कधी येणार नाही. पण त्यासाठी तुमच्याकडे राखीव साठा आहे. ऑगस्ट 2023 मध्ये तुम्ही तो तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेला, आमच्याकडून 2,410 रुपये क्विंटलनं खरेदी जाहीर केली, आणि शहरात 25 रुपये किलोनं विकला. ती खरेदी गावपातळीवर कशी होते, कुणाचा कांदा घेतला जातो आणि कुणाचा नाही, याबद्दल आमच्या भागात फार बोललं जातं. ते नीट करा. साठा वेळेवर घ्या, शेतकऱ्याकडून थेट घ्या, आणि टंचाईत तो वापरा. ते करून झाल्यावरही कमी पडलं तर निर्यातीला हात लावा, आणि तोही सांगून.

निर्यात बंद केली की देशातला कांदा वाढतो हे एका हंगामापुरतं खरं आहे. पुढच्या हंगामात काय होतं ते माझ्या वहीत आहे. भाव पडला की शेजारचे चार जण कांदा सोडून मका किंवा सोयाबीन करतात. लागण घटते, वर्षभरानं कांदा कमी येतो, भाव पुन्हा चढतो, आणि तुम्ही पुन्हा बंदी घालता. चढा भाव बघून सगळेच कांदा लावतात आणि मग तो मातीमोल होतो हा आमचाही दोष आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचे सगळे खर्च वजा जाता दोन रुपये मिळाले होते. त्या वेळी निर्यात खुली होती. म्हणजे नुसतं दार उघडं असून भागत नाही. ते उद्याही उघडं असेल का, हे माहीत असावं लागतं. तरच पलीकडचा माणूस आगाऊ सौदा करेल आणि मी त्या हिशोबानं किती एकर लावायचं ते ठरवेन.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. बांगलादेशाशी बसून कांद्याचा वार्षिक करार करा. त्यांचा कांदा निघतो ते महिने त्यांनी बंद ठेवावेत, कराराच्या तारखांप्रमाणे. त्यांना तूट पडते त्या महिन्यांसाठी आपण एक किमान टनाचा आकडा द्यावा आणि आपल्याकडे कितीही भाव चढला तरी तेवढा कांदा अडवू नये. त्यावरच्या मालावर बंधन घालायची वेळ आली तर निदान दोन महिने आधी जाहीर करावं. नाशिकहून निघालेला ट्रक वाटेत असताना नियम बदलू नये. आणि हा आकडा ऑक्टोबरच्या आधी आम्हाला कळावा, कारण त्यानंतर आमचं उळं वाफ्यात पडलेलं असतं.

दोन्ही देशांमधलं वातावरण सध्या बरं नाही, हे मी वाचते. 5 ऑगस्ट 2024 ला तिथे सरकार गेलं तेव्हा आमच्या भागातल्या कांद्याचे ट्रक काही दिवस सीमेवर उभे होते. पुढे 2025 मध्ये सूत, तयार कपडे, बंदरं यांवरून एकमेकांवर बंधनं आली. त्या भांडणातलं मला कळत नाही. पण कपड्याचा गठ्ठा महिनाभर गोदामात पडला तर कपडाच राहतो. कांदा राहत नाही. म्हणून नाशवंत शेतमालाला या भांडणातून वेगळं काढा. ते होऊ शकतं हे 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दिसलं आहे. पेट्रापोलच्या सीमाचौकीचा रस्ता बंद होता, तेव्हा मे महिन्यात लासलगावहून कांद्याची मालगाडी थेट पलीकडच्या दर्शना स्थानकात गेली. इकडे हमाल मिळत नव्हते, गावोगाव रस्ते अडवलेले होते, आणि तरी आमचा कांदा दुसऱ्या देशात पोचला. ती गाडी गेली त्या दिवशी वहीच्या 'दिल्ली' या रकान्यात मी पहिल्यांदाच चांगली नोंद केली होती.

यंदाचं उळं मी घरच्याच डोंगळ्यांपासून धरलं आहे. मोजून ठेवलंय, दोन पायल्या भरलं. त्यातलं किती टाकायचं आणि किती शेजारणीला द्यायचं हे ठरवायला माझ्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ आहे. तुमचं उत्तर त्याआधी आलं तर मी ते वहीत लिहीन आणि त्याप्रमाणे वाफे करीन.

आपली,
चांदवड तालुक्यातील एक कांदा उत्पादक शेतकरी